जीप भरेपर्यंत

अर्धं पाथर्डी ऊसतोडीला गेलेलं. स्टँडवर तासभर थांबूनही कारभारीच्या जीपला तीनच शीटं मिळाली होती. मधल्या बाकावर त्याची बायको भीमाबाई कमरेला पट्टा बांधून, डोळे मिटून बसली होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर आज तिला नगरच्या डॉक्टरला दाखवायचं होतं.

"आजारी बायकू गाडीत हाय, आन तू शीटं हुडकीत फिरतोय," मागं बसलेले बजरंगतात्या वैतागले. "निघ की आता."

"आजून चार येऊ द्या, तात्या."

चार आले, तेव्हाच जीप हलली. करंजीच्या घाटात वळणावर गाडी जराही झुलली नाही.

"आधी लई झुलायची ही," तात्या म्हणाले.

"म्हनून तर मागं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले. आता वळनाला धरून चालती."

जादा शीटं कोंबायलाच वाढवले असतील, असं तात्यांच्या मनात आलं. नगरला उतरल्यावर त्यांनी भाडं पुढं केलं, तर कारभारीनं त्यांचा हात मागं सारला.

"राहू द्या. पाटे कडक झाल्यापासून रिकामी गाडी लई आदळती. मानसं बसली की दबती, मग हिच्या पाठीला दनका कमी लागतो."

भीमाबाईला आधार देऊन उतरवताना तो पुन्हा वळला.

"तुमचं काम उरकलं की इथंच या, तात्या. जाताना कोन भेटंल, याचाच घोर हाय."