काताचा शेवट

कराटेतला काता म्हणजे हवेतल्या शत्रूशी एकट्यानेच लढायचं. सरांनी त्याच्याकडून वर्षानुवर्षं घोटवून घेतलेल्या काताचा शेवट मात्र त्याच्या पचनी पडत नव्हता. एवढी हाणामारी करून शेवटी हात पाठीमागे न्यायचा, गुडघा टेकायचा आणि मान झुकवायची!

"सर, मारामारीत याचा उपयोग काय?"

"अंगी विनय येतो, बाळा. तेवढाच कमी आहे तुझ्यात. कर पुन्हा."

भरदुपारच्या रिकाम्या हॉलमध्ये त्याने सुरुवात केली. या वेळी त्याचं मनगट कुणीतरी धरलं. हात निमूट पाठीमागे पिरगळला गेला, गुडघा टेकला. हा काता मारणाऱ्याचा नव्हताच. मार खाणाऱ्याचा होता.

"सर!"

सर त्याच्या खांद्यावरून मागे पाहत अदबीने म्हणाले, "बघा, कसा तयार केलाय तुमच्यासाठी."

आणि सवयीने त्याची मान झुकली.