दहातल्या आठ

बँकेच्या दारावर वीस वर्षं उभ्या असलेल्या वॉचमनला सगळे नेमबाज म्हणायचे, कारण तो स्वतःच तसं सांगत फिरायचा. यंदा नियम आला की दहातल्या आठ गोळ्या कागदावर लागल्या नाहीत, तर नोकरी गेली. गडी महिनाभर छोट्या पिस्तुलावर घासला, आणि परीक्षेला हातात आलं मोठं, लाथ मारणारं. तरी शेजारी थरथरत उभ्या असलेल्या वॉचमनबाईची त्याने शिकवणी घेतलीच. "बाई, धक्क्याला भ्यायचं नाही. चाप लोण्यासारखा हळू दाबायचा. माझ्याकडे बघा नि शिका."

मग स्वतः दर गोळीला डोळे मिटले, दातओठ खाल्ले आणि चापाला असा हिसडा दिला, की पिस्तूलच बिचारं घाबरलं असेल.

साहेबांनी कागद आणले. त्याचा कोराकरकरीत, बाईच्या कागदाला नऊ भोकं.

"नेमबाज, शिका जरा बाईंकडून," म्हणत साहेबांनी त्याचा पट्टा उतरवून घेतला.

बाई त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली,



"दादा, देव तुमचं भलं करो. माझं पिस्तूल अडकलं होतं, एकही गोळी सुटली नाही."