खोटं दार

“खिडकी नको म्हणजे नको,” मालक पुन्हा म्हणाले. “आणि दार असं हवं, की चार माणसांनी धडका दिल्या तरी हलता कामा नये.”

आर्किटेक्टने नकाशावरची पेन्सिल उचलली. आयुष्यभर त्याने अशीच घरं बांधली होती. गावाबाहेरची, उंच खांबांची, रुंद जिन्यांची, पणजोबांच्या काळातली वाटावीत अशी. पैसेवाल्यांची नाना खुळं त्याने बिनतक्रार कागदावर उतरवली होती. पण निजायच्या खोलीला लागून, वारासुद्धा न शिरणारी खोली, हे खूळ नवीन होतं.

सामानाची खोली का, असं त्याने विचारलं. समजा तसं, असं मालक म्हणाले. दाराच्या कड्या मात्र ते स्वतःच्या हाताने बसवणार होते. सुताराने त्यात पडायचं नव्हतं.

मालकांची बायको खुर्चीच्या कडेवर टेकली होती. तिच्या मनगटावर जुना, पांढरा पडलेला व्रण होता. भिंतींना रंग कोणता आवडेल, असं आर्किटेक्टने तिला विचारलं. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

“कोणताही चालेल,” ती म्हणाली.



बांधकाम सुरू झालं, तसा आर्किटेक्टचा संशय वाढतच गेला. मालक तिला एकटीला क्षणभर सोडत नसत. तिचा फोन वाजला, तर आधी तेच हातात घेत. एकदा मजुराच्या हातून फळी पडली. मालकांची बायको मटकन खालीच बसली, डोक्यावर दोन्ही हात धरून. मालकांनी तिचा दंड धरला आणि तिला गाडीत नेऊन बसवलं. गाडीच्या काचा वर गेल्या.

घरी आर्किटेक्टला घास गिळेना. “मोठ्यांच्या घरात नाक कशाला खुपसताय?” त्याची बायको म्हणाली. “तुम्ही भिंती उभ्या करा आणि मोकळे व्हा.” पण भिंती तोच उभ्या करत होता. एका बाईला जिवंतपणी कोंडायच्या भिंती.

मालक येणार नव्हते अशा एका दुपारी एक गृहस्थ आले. गाडी त्यांनी लांब झाडाखाली लावली होती. मी तिचा भाऊ, असं म्हणाले आणि खालच्या मानेने सगळं सांगत गेले. त्या माणसाने बहिणीला माहेरापासून तोडलं होतं. एका घराचा पत्ता लागला की तिला घेऊन तो दुसरीकडे जायचा.

“बारीक झालीय का हो ती?” त्यांनी विचारलं आणि रुमाल काढला.

आर्किटेक्टलाही भरून आलं. त्याने चहा मागवला. पोलिसांकडे जाऊ या, असंही सुचवलं. भावाने नकारार्थी मान हलवली. नवऱ्यासमोर ती तोंडातून चकार शब्द काढणार नाही, म्हणाले.

“आणि मी येऊन गेलो हे तिला सांगू नका. तिच्या पोटात काही राहत नाही. त्याला कळलं तर तिचे हाल होतील.”

त्या संध्याकाळी आर्किटेक्टला वाट सुचली.

असल्या घरांत डावं-उजवं सारखं दिसावं लागतं. एका भिंतीत दार असेल, तर समोरच्या भिंतीतही हवं. जायला जागा नसली, तर खोटं दार लावतात. चौकट असते, मूठ असते, मागे नुसती भिंत. जोडीचं हे वेड आर्किटेक्टच्या अंगात इतकं भिनलं होतं, की एका गालावरचा तीळ पाहून हे दुसऱ्या गालावरही काढतील, असं त्याची बायको पाहुण्यांना सांगायची. त्याने बंद खोलीत, खऱ्या दारासमोर, एक खोटं दार काढलं.

“उघडत नाही ना?” मालकांनी नकाशातल्या त्या दारावर बोट ठेवून विचारलं.

“मागे भिंत आहे,” आर्किटेक्ट म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला. 

खोट्या दारामागच्या जाड भिंतीत त्याने एक बोळ सोडली. अंग चोरून माणूस जाईल एवढीच. खोटं दार त्या बाजूने ढकललं तरच उघडायचं. ती मागच्या जिन्याखालच्या कपाटात उघडत होती. भावाला त्याने तिथून स्वतः नेऊन आणलं. भावाने त्याचे दोन्ही हात घट्ट धरले आणि घराचा ताबा कधी देणार, ते विचारलं. आर्किटेक्टने रविवार सांगितला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री तो पोटभर जेवला.

रविवारी घरभर ऊन होतं. मालकांनी किल्ल्या घेतल्या. त्यांची बायको आज चक्क हसत होती. तिने आर्किटेक्टला बंद खोलीपाशी नेलं, “बघा तरी, यांनी काल रात्री बसून कसं केलंय,” म्हणत.

दाराच्या बाहेरच्या अंगाला काहीच नव्हतं. नुसतं गुळगुळीत लाकूड. तिन्ही जाड कड्या आतल्या बाजूला होत्या.

“आतून?” आर्किटेक्टने विचारलं.

“मग कुठून?” मालक म्हणाले.

“मी लावून बघते,” असं म्हणून ती आत गेली. दार मिटलं. एकेक कडी सरकल्याचा आवाज आला. मालकांनी दाराला खांदा लावून जोर केला. दार तसूभरही हललं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“आता तो आला तरी बेहत्तर,” ते म्हणाले.

“कोण?”

“तिचा पहिला नवरा. तुरुंगातून सुटल्यापासून हिच्या मागावर आहे. जीव घेईन म्हणतो. दोन घरं सोडली आम्ही त्याच्यापायी. हिला ना आई-वडील, ना बहीण-भाऊ. जाणार कुठे बिचारी?”

 आर्किटेक्टने दारावर दोन्ही हात आपटले. “बाहेर या,” तो ओरडला, “आधी बाहेर या.” मालक त्याच्याकडे बघतच राहिले.

आत ती हसत होती. हसता हसता एकदम थांबली.

“तू आत कसा आलास?” तिने विचारलं.