दुसरं निरीक्षण

खेळाच्या शेवटी टीव्हीच्या पडद्यावर प्रश्न आला. अंतराळयानाच्या मागच्या भागात अडकलेल्या माणसांसाठी हवा सोडायची, की ती राखून आपण सुखरूप घरी जायचं?

"मावशी, हवा दे की! विचार कसला करतेस?" भाची मावशीच्या खांद्याला रेलून ओरडली.

मावशीने हवा सोडली. काचेपलीकडची चिमुकली माणसं हात हलवू लागली. भाची उड्या मारतच पाणी प्यायला गेली.

मावशी प्रयोगशाळेत काम करायची. एकाच निरीक्षणावर थांबायची तिला सवय नव्हती. तिने खेळ मागे नेला आणि या वेळी हवा बंद केली. नुसतं बघायला.

माणसं ओरडली नाहीत. काचेवर तळवे टेकवून ती तिच्याकडे बघत राहिली. मावशीची कानशिलं तापली. भाचीची पावलं वाजताच तिने घाईघाईने खेळ पुन्हा मागे नेला आणि हवा सोडली.

"अगं, आता हे हात का हलवत नाहीत?"

तळवे काचेवर तसेच होते.

"दमले असतील."

"तू काही केलंस?"

"छे गं! मी काय करणार?"

मावशीने टीव्ही बंद केला. भाची पुन्हा खांद्याला रेलली. तिचा श्वास मावशीच्या मानेला लागत होता.

काळ्या पडद्यात सोफा दिसत होता. त्यावर मावशी एकटीच बसली होती. भाची काचेच्या आत उभी होती, तळवा टेकवून, तिच्याकडे बघत.

मानेला लागणारा श्वास थांबला.