खालून पाहिलेलं रॉकेट

"पहिलं रॉकेट कुठून पाहिलंस?"

अंतराळ उड्डाणांच्या त्या ऑनलाइन गटात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला हेदविग हा एकच प्रश्न विचारी. उत्तरं ठरलेली असत. टीव्हीवर. बाबांच्या खांद्यावरून. शाळेच्या सहलीत, पण ढग होते म्हणून नुसतंच ऐकलं. रिस्तेन ओम्मा नावाच्या बाईने मात्र एकच शब्द लिहिला होता.

"खालून."

प्रयोगशाळेच्या जेवणघरात हेदविग एकटीच बसली होती. कडक पावाचा तुकडा तिच्या हातात तसाच राहिला. फोनच्या पडद्यावर, नव्यांशी बोलायच्या गटाच्या बाहेरच्या खोलीत, जुनी मंडळी जमू लागली.

"खालून म्हणजे? खाणीतून बघत होती की काय?" यस्परने लिहिलं. गटातला विनोद करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता.

"कळपासोबत होते," रिस्तेनचं उत्तर आलं. "रेनडियरच्या. वरून एक नळकांडं आलं आणि आमच्या कुंपणापलीकडे बर्फात रुतलं. तेव्हापासून पाहतेच आहे. पण आत्ता आले ती तुमच्या नकाशासाठी. उद्याच्या रॉकेटचा नकाशा मला एकाने दाखवला. त्यात लाल टाचण्या लावल्यात ना, त्या दरीत माझ्या माद्या विताहेत."

नकाशा हा गटाचा लाडका खेळ. उत्तरेच्या तळावरून रॉकेट उडायचं आणि त्याचा रिकामा झालेला खालचा टप्पा निर्जन डोंगराळ भागात पडायचा. तो नेमका कुठे पडेल याचा अंदाज बांधून प्रत्येकाने नकाशावर टाचणी लावायची. मग सगळ्यांनी बर्फावर धावणाऱ्या स्नोस्कूटरी घेऊन शोधायला निघायचं. ज्याची टाचणी सगळ्यांत जवळ, त्याने टप्प्याशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा. हेदविगचीही टाचणी त्याच दरीत होती. वाऱ्याचं गणित तिने दोनदा तपासलं होतं. 'निर्जन' हा शब्द तपासला नव्हता.

"टप्पा पडायचा तिथे पडू दे," रिस्तेनने पुढे लिहिलं. "तो एकदाच आवाज करतो आणि गप्प होतो. तुमच्या स्कूटरी दिवसभर फिरतात. घाबरलेली मादी पळते, पिल्लू मागे राहतं. मग ती त्याला जवळ घेत नाही. आत येऊन सगळ्यांना एवढंच सांगायचंय."

माणूस आत घेण्याची गटाची एक पद्धत होती. उड्डाणाआधी नियंत्रण कक्षात घेतात तशी हजेरी. जुन्या मंडळींनी खाती वाटून घेतली होती. प्रत्येक खात्याने "तयार" म्हटलं की हेदविग दार उघडायची. एकाने जरी "थांबा" म्हटलं तरी सगळं थांबायचं. आजवर तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"हवामान?" हेदविगने विचारलं.

"तयार," यस्परने लिहिलं. "आणि ते खाणीचं मागे घेतो, बाई."

"संपर्क?"

"तयार."

"सुरक्षा?"

सुरक्षा म्हणजे तोर्गनी. गट त्याने उभा केलेला. दाराची किल्लीही त्यानेच हेदविगच्या हाती दिलेली.

"थांबा."

हेदविग पडद्याकडे बघत राहिली. खाली तोर्गनीची पुढची ओळ उमटली.

"ती आपल्यातली नाही, हेदविग. तिला रॉकेटं आवडत नाहीत. आज हिला घेतलंस तर उद्या झाडं मोजणारे येतील, परवा पक्षी मोजणारे. माझी स्कूटर गाडीमागे जोडून झालीय, पोरी. हे सगळं उद्या संध्याकाळी बघू."

"उद्या संध्याकाळी काय बघणार? मेलेली पिल्लं?"

"भावनांना आपल्याकडे खातं नाही."

हेदविगने पाव ताटलीत ठेवला. "थांबा म्हणणाऱ्याने बिघाड सांगायचा, हा तुझाच नियम आहे. बिघाड सांग."

"सांगितला की. ती आपल्यातली नाही."

"हा बिघाड नाही, तोर्गनी. जो अजून आपल्यातला नसतो, त्यालाच नवा माणूस म्हणतात."

यस्परने एक हसरं तोंड टाकलं आणि लगेच पुसून टाकलं.

"दार उघडलंस तर किल्ली काढून घेईन," तोर्गनीने लिहिलं.

"घे. उघडून झाल्यावर घे."

तिने दार उघडलं. प्रत्येक नव्या सभासदाला लिहायची ती ओळ तिने नेहमीसारखीच लिहिली, "ये, रिस्तेन. ही तुझी टाचणी." नव्यांची टाचणी निळी असे. क्षणभरात हेदविगच्या नावापुढचं किल्लीचं चित्र नाहीसं झालं.

तिने नकाशा उघडला आणि दरीतली आपली लाल टाचणी उपटली. पाठोपाठ यस्परची गेली. मग आणखी एक, मग दोन एकदम. काही जणांच्या राहिल्या, आणि मग त्याही एकेक करत कमी झाल्या. शेवटी दरीत एकच लाल ठिपका उरला. तोर्गनीचा. तो हलला नाही.

निळी टाचणी नकाशाच्या काठावर उमटली. नवखी असल्यासारखी जरा इकडेतिकडे भरकटली, नदी ओलांडून गेली, परत आली. मग सरळ जाऊन त्या लाल ठिपक्यावर अशी बसली की तो दिसेनासा झाला.

टाचणीशेजारी अंदाज लिहायची चौकट होती. सगळे तिथे वाऱ्याचा वेग लिहीत, कोन लिहीत. रिस्तेनने लिहिलं, "उजाडल्यापासून मी इथे उभी असेन."