खालची ओळ

नवा तक्ता सकाळीच आला होता. मॅडमनी तो जुन्याच्या जागी टांगला, बिट्टीला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि तिचा चांगला डोळा झाकला. तक्त्यावर अक्षरं नव्हती. तीन दातांच्या फण्या होत्या, वरून खाली बारीक होत गेलेल्या. दात ज्या बाजूला, तिकडे हात करायचा.

बिट्टीने हात केले. वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. कुठे अडखळणं नाही, थेट खालच्या ओळीपर्यंत. चार-दोन सोडले तर सगळे चूक.

तक्ता उलटा टांगला गेला असेल म्हणून मॅडम उठून जवळ गेल्या. तक्ता सुलट होता. मुलगी कालचा तक्ता वाचत होती.

वर्षभर त्या एकाच तक्त्यावर भागवलं होतं. दुसरा मागवू म्हटलं की प्राचार्य म्हणत, फण्या त्या फण्या, त्यात नवं-जुनं काय. त्यांचं कॉलेज चष्म्याचे नंबर काढायला शिकवायचं. दृष्टीवर संशोधन हा मॅडमचा हट्ट. अडगळीची खोली त्यांनीच रिकामी करून घेतली, काचांना स्वतःच्या हाताने काळा रंग फासला, आळशी डोळ्यांची, म्हणजे एका डोळ्याने धूसर बघणारी मुलं शोधायला शाळा पालथ्या घातल्या. मुलं भराभर सुधारत होती. त्या आकड्यांवरच संशोधन केंद्राला मंजुरी द्यायला समिती आली होती आणि या घडीला प्राचार्यांच्या खोलीत चहा पीत होती.

दाराशी बिट्टीची आई उभी होती. घरी काय करून घेता, असं मॅडमनी विचारताच तिचा चेहरा खुलला. तिने मोबाइल पुढे केला. त्यात जुन्या तक्त्याचा फोटो होता.

"रोज घोकून घेते. तुम्हीच म्हणालात ना मॅडम, घरी सराव हवा. बाकीच्या आयांनाही मीच पाठवला."

सराव म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून मणी ओवायचे, रेघेवरून कात्री चालवायची. हे आपण सांगितलं होतं की गृहीत धरलं होतं, ते मॅडमना आता आठवेना.

त्यांनी एकेका फणीवर बोट ठेवून पुन्हा विचारलं. तिसऱ्या ओळीला बिट्टी थांबली. मग मान वाकडी करून झाकणीच्या कडेने बघायला लागली. पहिल्या दिवशीही ती तिसऱ्याच ओळीला थांबली होती. मधल्या काळात, खालची ओळ येते म्हणून, मॅडमनी तिची पट्टी बंद केली होती. पोर सात वर्षांची. आणखी मोठी झाली की असा डोळा सहसा सुधारत नाही.

समिती मुलांची तपासणी बघायला इकडे निघाली, हे सांगायला प्राचार्य आत आले. मॅडमनी हलक्या आवाजात काय झालं ते सांगितलं. मुलीचं नुकसान कोणालाच नको आहे, ते म्हणाले. पट्टी काय, उद्याही लावता येईल, केंद्र उद्या मिळणार नाही.

"जुना तक्ता टांगा, मॅडम. एका दुपारचा तर प्रश्न आहे. बाहेर एवढ्या आया बसल्यात, त्यांना काय सांगणार? पोरांचं पाठांतर उत्तम आहे?"

मॅडमनी जुना तक्ता उचललाही. पण उद्या लावलेली पट्टी आजचे आकडे खोटे पाडणार होती. म्हणजे ती उद्या लागणार नव्हती, आणि परवाही नाही.

उघड्या दारातून व्हरांड्यातलं बाक दिसत होतं. बाकावरच्या मुलांचे हात एका तालात हलत होते. वर, उजवीकडे, खाली, खाली. एक आई आपल्या मुलाचा चुकलेला हात धरून नीट करत होती.

"तयारी जोरात आहे तुमची," आत येता येता समितीचे अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी जुना तक्ता गुंडाळून कपाटामागे सारला. सगळे बसेपर्यंत थांबल्या.

"आमचे आकडे चूक आहेत," त्या म्हणाल्या. "मुलांना तक्ता पाठ आहे."

किती मुलांना, असं अध्यक्षांनी विचारलं. बहुतेक सगळ्यांनाच, मॅडम म्हणाल्या. अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. फाइल न उघडताच पुन्हा काखेत घेतली. प्राचार्य काळ्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, जणू बाहेरचं काही दिसत होतं.

समिती गेल्यावर मॅडमनी खणातून पट्टी काढली आणि बिट्टीसमोर गुडघे टेकले. पट्टी बघताच ती खुर्चीत मागे सरकली. आई धावत आली, पण तिने मुलीचाच दंड धरला.

"काय चुकलीस गं? एवढं घोकून घेतलं होतं."

मॅडमनी चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवली. कडा दाबल्या.

"मी नाही चुकले," पट्टीखालून पाणी ओघळत असताना बिट्टी म्हणाली. "फण्या यांनीच फिरवल्यात."