रेकॉर्ड धुतली तेव्हा

दोन हजार तेवीस सालची गोष्ट. भाऊबीज होऊन एक दिवस झाला होता. आखाडा बाळापूरच्या त्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर दातांच्या दवाखान्यातलं अल्ट्रासॉनिक मशीन मांडलेलं होतं.

मशीन पूनमचं. पूनम म्हणजे रुख्मिणीबाईंची सून, दातांची डॉक्टर. एरवी त्या स्टीलच्या टाकीतल्या पाण्याला बारीक थरथर देऊन तिची हत्यारं धुतली जात. आज टाकीवर एक आडवी सळई होती आणि सळईत एक मोठी काळी रेकॉर्ड उभी अडकवलेली. ती फिरवायला गणपतीच्या मखरामागचं चक्र फिरवणारी मोटार लावली होती. रेकॉर्डच्या मधल्या कागदाला पाणी लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी डब्यांची झाकणं बसवून कुकरच्या जुन्या रिंगचे तुकडे आवळले होते.

"पाणी कोमटच घे माय," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "लेकराला न्हाऊ घालतो तेवढंच. तापलं तर वाकडी व्हईल."

"अन् वाकडी झाली तर मंग मला भरून कोण देईल?" पलंगावरून शालूबाई म्हणाल्या.

शालूबाई रुख्मिणीबाईंची थोरली नणंद. रेकॉर्ड त्यांची. रुख्मिणीबाईंच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांच्या नवऱ्यानं, माणिकरावांनी, बहिणीला ओवाळणी म्हणून ती नांदेडहून आणली होती. खोक्यातून काढली नव्या नवरीनं, आणि पहिल्यांदा लावली तेव्हाच सुई मधे उडाली. वहिनीनं चरा पाडला, असं शालूबाई त्या दिवशी म्हणाल्या आणि पुढं दर भाऊबीजेला म्हणत आल्या. रुख्मिणीबाईंनी त्या रेकॉर्डला पुन्हा कधी हात लावला नाही.

"आत्या, आधीच सांगते," पूनम म्हणाली. "चरा असेल तर कोणतंच मशीन तो काढू शकत नाही. काही चिकटलं असेल तरच निघेल."

"चराच हाय. मला काहून इचारता? वहिनीसायबाला इचारा."

"अक्का, आता तरी सोड की," माणिकराव म्हणाले.

"सोडलं असतं तर दरसाल उरापोटी धरून आणली असती का रे?"

पूनमने बटण दाबलं. तव्यावर पाण्याचे थेंब नाचावेत तसा बारीक आवाज सुरू झाला. अर्धी पाण्यात, अर्धी वर अशी रेकॉर्ड सावकाश फिरू लागली. रुख्मिणीबाई काही बसल्या नाहीत. पुसलेला ओटाच त्या पुन्हा पुसत राहिल्या. आज काय ते ठरणार होतं, आणि ठरू नये असंही त्यांना वाटत होतं.

पाणी गढूळ झालं. पूनमने मशीन बंद केलं, रेकॉर्ड काढून ताटाळ्यात उभी केली आणि पाणी ओतून देताना थबकली. टाकीच्या तळाशी मसुरीच्या टरफलाएवढा एक लाल कपचा होता. तिने तो चिमट्याने उचलून शालूबाईंच्या तळहातावर ठेवला.

"हा कसला रंग, आत्या?"

शालूबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. बोटानं चोळला. बोट लाल झालं.

"बाटलीतलं वलं कुंकू," त्या हळूच म्हणाल्या. "तबकात ठिवली व्हती. नवी वस्तू. माणिकला ओवाळलं, अन् हिलाबी बोट लावलं मीच. पर लगीच पुसलं व्हतं की गं!"

"वरचं पुसलंत. रेषांमधलं वाळून बसलं."

माणिकराव हसायला लागले. दुसरं कुणी हसलं नाही. रुख्मिणीबाई पुढं आल्या, ओल्या हातांनीच सुनेच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"चरा न्हवता," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

रेकॉर्ड वाळली तशी पूनमने ती प्लेअरवर लावली. माहेरी आलेल्या पोरीचं गाणं होतं. इतकी वर्षं त्या गाण्यात पोरगी दारात यायची, आईला हाक मारायची, तिथंच सुई उडायची आणि पोरगी परत सासरच्या वाटेला लागलेली असायची. घरातली लेकरंसुद्धा ते गाणं तसंच म्हणत. "कसलं मेलं माहेर," शालूबाई दरवर्षी म्हणायच्या, "पाण्यालाबी इचारलं न्हाई."

आजही सवयीनं त्या पुढं म्हणत निघाल्या, सासरच्या वाटेला लागल्या. रेकॉर्ड त्यांच्यामागं गेली नाही. तिच्यात आईनं दार उघडलं, भावानं पाट मांडला, ताटात गरम भाकरी आली.

शालूबाई मधेच थांबल्या.

"जेवली गं बाई पोरगी," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मग म्हणाल्या, "वहिनी, परत लाव. तूच ठिव सुई. माझा हात हालून राहिला."

त्यांचा हात काही हालत नव्हता.

रुख्मिणीबाईंनी दोन्ही हात पदराला कोरडे केले आणि सुई ठेवली.

शालूबाई पुढच्या वैशाखात गेल्या. त्याआधी संक्रांतीला त्यांनी रेकॉर्ड एका नव्या लुगड्यात गुंडाळून वहिनीकडे पाठवली होती. माणिकरावांना आता ऐकू कमी येतं. गाणं लागलं की ते थरथर कळावी म्हणून प्लेअरच्या खोक्यावर हात ठेवून बसतात. पूनमकडे वसमत, हिंगोलीहून लोक जुन्या रेकॉर्डी धुवायला घेऊन येतात, आणि ती रविवारचा दवाखाना बंद ठेवून धुऊन देते. रुख्मिणीबाई सगळं गाणं रेकॉर्डबरोबर म्हणतात. फक्त पोरगी जेवत असते तेवढा वेळ गप्प बसतात.